तळपायांची आग : इजा जुन्या गोळीची, वाढ कशामुळे?

पत्र

माझे वय ५१ आहे. २००७ साली मला टीबी झाला, त्याच वेळी एचआयव्हीचे निदान झाले आणि टीबीची औषधे चालू असतानाच एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) सेंटरच्या गोळ्या सुरू झाल्या. अंगात रक्त फार कमी होते म्हणून स्टाव्हुडीन असलेल्या गोळ्या दिल्या, असे माझ्या ग्रीन बुकात, म्हणजे सेंटरच्या उपचार-नोंदवहीत, लिहिलेले आहे. वर्षाच्या आत तळपायांना मुंग्या येऊ लागल्या आणि पुढे आग होऊ लागली. मी हे सांगितले की 'अशक्तपणा आहे' असे म्हणून ताकदीच्या गोळ्या मिळत. २०१२ मध्ये गोळ्या बदलल्या. आग कमी झाली, बधिरपणा राहिला आणि मला त्याची सवय झाली. चार वर्षांपूर्वी पुन्हा बदल होऊन रोजची एकच गोळी झाली. त्यानंतर वजन सात-आठ किलो वाढले. गेल्या वर्षभरात मात्र बधिरपणा घोट्याच्या वर चढला आहे आणि रात्री पायांवर चादरसुद्धा सोसत नाही. वैशाखात देवळाला अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. घरी आल्यावर तळव्याला मोठा फोड दिसला, चटका बसलेला मला कळलाच नव्हता. तालुक्याच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणि बी-कॉम्प्लेक्स घेते. मालक गेल्यापासून दीरच घरचे पाहतात. ते म्हणतात, इतकी वर्षे जहाल औषधे खाल्लीस, दोन-तीन महिने बंद करून बघ. हे गोळ्यांमुळेच झाले का? गोळ्या बंद करू का? आणि आता हे बरे होईल का? माझ्या आईला साखरेचा आजार होता.

उत्तर

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी ज्याचे उत्तर चुकले तर जिवावर बेतेल, त्याचे उत्तर आधी देतो. सध्या चालू असलेली गोळी बंद करू नका. दोन-तीन महिने तर नाहीच, एक दिवसही नको. तुमच्या पायांच्या नसांना इजा झाली ती स्टाव्हुडीनमुळे, असे तुमच्या पत्रातील हकिगतीवरून जवळजवळ निश्चित म्हणता येते. पण ते औषध तुमच्या पोटात २०१२ पासून गेलेले नाही. आज जी एक गोळी तुम्ही घेता ती, तुम्ही दिलेल्या वर्णनावरून, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची असावी, आणि नसांना इजा करणाऱ्या औषधांत या तिघांची गणना होत नाही. स्टाव्हुडीनचा राग या गोळीवर काढला तर पाय बरे होणार नाहीत आणि इतक्या वर्षांत जपलेली तब्येत मात्र हातची जाईल.

दिरांच्या मनात आलेली शंका पूर्वी अनेक डॉक्टरांच्याही मनात होती. मधूनमधून औषध थांबवून शरीराला उसंत दिली तर दुष्परिणाम कमी होतील का, हे तपासण्यासाठी 'स्मार्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात ३३ देशांतील ५,४७२ रुग्ण होते. सीडी-फोर (रोगाशी लढणाऱ्या पेशींची संख्या) चांगले असताना औषध थांबवलेल्या गटात आजारपण आणि मृत्यू या दोहोंचे प्रमाण औषध अखंड चालू ठेवणाऱ्यांपेक्षा इतके अधिक निघाले की २००६ मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. दिरांना हे जरूर सांगा. त्यांची काळजी खरी आहे, सुचवलेला उपाय मात्र घातक आहे.

आता पहिला प्रश्न. स्टाव्हुडीन तुम्हाला का दिले गेले, हे समजून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे, कारण ते त्या वेळी कोणी नीट सांगितलेले दिसत नाही. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली आणि ज्या सहा राज्यांपासून सुरुवात झाली त्यांत महाराष्ट्र होता. त्याच्या तीनच वर्षे आधी, म्हणजे २००१ मध्ये, मुंबईच्या सिप्ला कंपनीने स्टाव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापिन या तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला होता, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा तोच खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. गरीब देशांत हा उपचार पोहोचला तो प्रामुख्याने या स्वस्त गोळ्यांमुळे. स्टाव्हुडीनला पर्याय होता झिडोव्हुडीनचा, पण ते रक्त कमी करते. त्यामुळे ज्यांचे हिमोग्लोबिन आधीच खाली गेलेले असे, त्यांच्या वाट्याला स्टाव्हुडीन येत असे. आपल्या राज्यात रक्त कमी असण्याचे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांमध्ये अधिक, आणि तुमच्यासारख्या कितीतरी बायकांना स्टाव्हुडीन मिळाले ते याच नियमाने. २००७ मध्ये टीबी आणि एचआयव्ही एकाच वेळी अंगात असताना ते औषध मिळाले नसते, तर आज हे पत्र लिहायला तुम्ही बहुधा नसता. असे असले तरी, तळपायांची आग होते असे तुम्ही सांगितल्यावर तिला अशक्तपणा म्हणून ताकदीच्या गोळ्या देणे हे चुकलेच, आणि त्याबद्दल तुम्हाला वाईट वाटत असेल तर ते रास्त आहे.

या औषधाने नसांना इजा होते ती अशी. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, आणि त्यांचा स्वतःचा असा थोडासा डीएनए असतो. विषाणूची वाढ रोखताना स्टाव्हुडीन त्या डीएनएची नक्कल करणाऱ्या विकरालाही (एन्झाइमलाही) अडवते. परिणामी पेशीतील ऊर्जा हळूहळू आटते. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी नस जवळजवळ मीटरभर लांब असते आणि तिच्या टोकापर्यंत सारे काही पोहोचवायचे म्हणजे ऊर्जा लागतेच. कालव्याला पाणी कमी सुटले की टेलचे शेत आधी वाळते, तसे इथे बोटे आणि तळवे आधी सुकतात. म्हणूनच ही तक्रार दोन्ही पायांना सारखी होते, मोजा घातल्यासारखी खालून वर चढते आणि उंच माणसांना व वय वाढलेल्यांना अधिक होते. तुमच्या बाबतीत भर पडली ती टीबीच्या औषधांतील आयसोनियाझिडची, कारण ते शरीरातील बी-सहा जीवनसत्त्व कमी करते आणि त्यानेही नसा दुखावतात. शिवाय एचआयव्हीचा विषाणू, विशेषतः सीडी-फोर फार खाली गेलेले असताना, स्वतःच नसांना इजा करतो. म्हणजे २००७ मध्ये तुमच्या नसांवर तिहेरी मारा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी स्टाव्हुडीनचा डोस सर्वांसाठी ३० मिलिग्रॅमवर आणायला सांगितले आणि २००९ च्या अखेरीस हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. तुमच्या गोळ्या २०१२ मध्ये बदलल्या त्यामागे बहुधा हाच निर्णय असावा.

आता मला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याकडे येतो. स्टाव्हुडीन थांबवल्यावर पहिले काही आठवडे त्रास वाढू शकतो. त्यानंतर आग कमी होते, बधिरपणा मात्र बऱ्याच जणांत थोडाफार कायम राहतो. तुमच्या बाबतीत २०१२ नंतर अगदी असेच झाले. पण दशकभरापूर्वी बंद केलेले औषध आज नव्याने इजा करत नाही. इतकी वर्षे एका जागी थांबलेला बधिरपणा गेल्या वर्षभरात घोट्याच्या वर चढला, याचा अर्थ आधीच दुबळ्या झालेल्या नसांना आता दुसरे काहीतरी त्रास देत आहे. 'हे तर गोळ्यांचे जुनेच दुखणे' असे म्हणून तुम्ही, तुमच्या घरच्यांनी किंवा एखाद्या डॉक्टरांनी ही वाढ सोडून दिली, तर उपचार करता येण्याजोगे कारण हातचे निसटेल.

माझा पहिला संशय साखरेवर आहे. आईला मधुमेह, तुमचे वय ५१, वजनात सात-आठ किलोंची वाढ, आणि डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्या काही जणांत वजन वाढल्याचे व रक्तातील साखर चढल्याचे आढळलेले आहे. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए-वन-सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) या दोन्ही तपासण्या करून घ्या. साखर निघालीच तर डॉक्टरांना एआरटीच्या गोळीचे नाव सांगा, कारण डोल्युटेग्रॅव्हिरमुळे मेटफॉर्मिन या साखरेवरील नेहमीच्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते आणि म्हणून मेटफॉर्मिनचा दिवसाचा एकूण डोस सहसा एक ग्रॅमच्या वर नेत नाहीत. दुसरा संशय बी-बारा जीवनसत्त्वाचा. दूध-दुभते बेताचे आणि मांस-मच्छी वर्ज्य असलेल्या आपल्या घरांतून याची कमतरता सर्रास असते. तीही अशाच मुंग्या, आग आणि तोल जाणे अशा रूपाने दिसते आणि वेळेवर सापडली तर इंजेक्शनांनी चांगली सुधारते. त्याखेरीज थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी, आणि वर्षभरात झालेली नसेल तर व्हायरल लोडचीही, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची.

दोन गोष्टी मात्र तुम्हाला स्वतःहून सांगाव्या लागतील, कारण त्या विचारल्या जातीलच असे नाही. एक म्हणजे, गेल्या काही वर्षांत टीबी होऊ नये म्हणून सेंटरमधून सहा महिन्यांचा आयसोनियाझिडचा कोर्स तुम्हाला दिला होता का आणि त्यासोबत बी-सहाची गोळी नियमित घेतली होती का. दुसरे म्हणजे, अंगावर कुठे फिकट किंवा तांबूस, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का. कुष्ठरोग महाराष्ट्रातून गेलेला नाही, त्यातही नसा बधिर होतात आणि तो उपचाराने पूर्ण बरा होतो. एकदा एचआयव्हीचा शिक्का बसलेल्या रुग्णाची त्वचा मात्र क्वचितच कोणी निरखून पाहते.

पायांची तपासणीही साधीच असते आणि ती झाल्याशिवाय तुम्ही केबिनमधून उठू नये, असे मला वाटते. डॉक्टर शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा नादकाटा वाजवून त्याची दांडी तुमच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतील आणि थरथर जाणवते का, कधी थांबली, हे विचारतील. अंगठ्याला जाणवली नाही तर घोट्यावर, तिथेही नाही तर गुडघ्याच्या खाली. मग नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याला जागोजागी टोचून पाहतील आणि टाचेच्या मागच्या शिरेवर हातोडीने हलकेच ठोकतील. हे सगळे पाच मिनिटांत होते. बधिरपणा कुठपर्यंत आहे ते बुकात तारखेनिशी लिहून द्या म्हणावे, म्हणजे सहा महिन्यांनी तो वर सरकला की खाली आला, हे अंदाजाने सांगावे लागणार नाही. महागडी नसांची विद्युत तपासणी यानंतरची. आग करणाऱ्या अतिबारीक नसांचा दोष तिच्यात बरेचदा दिसतही नाही, तेव्हा ती 'नॉर्मल' आली म्हणजे दुखणे मनाचे, असे कोणी म्हटले तर मान डोलावू नका.

मेडिकलमधून घेत असलेल्या गोळ्यांबद्दल आता स्पष्ट सांगतो. दुखण्याची गोळी म्हणजे डायक्लोफिनॅक किंवा तिच्या जातीची असणार. अशा गोळ्या सांध्याच्या सुजेवर चालतात, नसांच्या आगीवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि टेनोफोव्हिर चालू असताना त्या रोज घेणे मूत्रपिंडाला धोक्याचे असते. त्या आजच थांबवा आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. बी-कॉम्प्लेक्सच्या पाकिटावर पायरिडॉक्सिन किती मिलिग्रॅम आहे ते वाचा किंवा कोणाकडून वाचून घ्या. पायरिडॉक्सिन म्हणजेच बी-सहा, ते कमी पडले तर नसा दुखावतात हे खरे, पण महिनोन्‌महिने मोठ्या डोसमध्ये घेतले तरीही दुखावतात. त्या पाकिटात लोह, कॅल्शियम किंवा जस्त असेल, अथवा तुम्ही ॲसिडिटीचे पातळ औषध घेत असाल, तर ते एआरटीच्या गोळीबरोबर घेऊ नका, कारण त्याने डोल्युटेग्रॅव्हिर शरीरात नीट शोषले जात नाही. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. आणि एक नाव विशेष लक्षात ठेवा : कार्बामाझेपिन. नसांच्या दुखण्यावर ते अनेकदा लिहून दिले जाते. फिटच्या आजारावरील फेनिटॉइनप्रमाणे तेही डोल्युटेग्रॅव्हिरचे रक्तातील प्रमाण कमी करते, आणि कोणाच्या ध्यानात न येता विषाणू पुन्हा वाढू लागतो. एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून ते घेऊ नका.

आग कमी करणारी औषधे आहेत. गॅबापेंटिन हे त्यांपैकी नेहमीचे, डोल्युटेग्रॅव्हिरशी त्याचा संघर्ष नाही. सुरुवात रात्रीच्या लहान डोसने होते आणि मूत्रपिंडाच्या तपासणीवर पुढचा डोस ठरतो. पहिल्या काही रात्री गुंगी येते, तेव्हा रात्री उठताना आधी पलंगावर बसा आणि दिवा लावूनच पाय खाली टेका. ॲमिट्रिप्टिलीन आणि प्रिगॅबालिन हीसुद्धा दिली जातात. एचआयव्हीतील नसांच्या दुखण्यावर झालेल्या चाचण्यांत ती औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलेली नाहीत, हे मी लपवत नाही. पण मधुमेहातल्या आगीवर त्यांचा गुण येतो आणि झोप लागण्यासाठीही काहींना मदत होते. एखादे औषध योग्य डोसमध्ये काही आठवडे घेऊनही उतार पडला नाही, तर ते डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावे. अशी औषधे वर्षानुवर्षे नुसतीच पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही.

देवळातील फोडाचा प्रसंग तुम्ही एका वाक्यात लिहिला आहे, पण सबंध पत्रात मला तोच सर्वांत गंभीर वाटला. ज्या पायाला वैशाखातल्या फरशीचा चटका कळत नाही, त्याला काटा, खडा, चपलेचा निघालेला खिळा किंवा बादलीतले कढत पाणी यांपैकी काहीच कळणार नाही. आग शमावी म्हणून कढत मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसायची किंवा गरम पिशवीने शेकायची आपल्याकडे रीत आहे. ती तुम्ही पूर्ण सोडा. अंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहा. चपलेत पाय घालण्याआधी ती उलटी करून झटका आणि आतून हात फिरवा. घरातही चप्पल वापरा, आणि जिथे चप्पल काढावीच लागते तिथे जाड मोजे घाला. प्रदक्षिणा सकाळच्या गारव्यात घातल्या तरी त्या देवाला पोहोचतात. कुष्ठरोगाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी मऊ रबराच्या तळव्याची जी एमसीआर चप्पल मिळते, ती तुम्हालाही उपयोगी आहे, फक्त अंगठ्याची नको, मागे पट्टा असलेली घ्या, कारण बधिर पायातून साधी चप्पल निसटते आणि माणूस ठेचकाळतो. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा; वाकणे जमत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. भेगांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, बेचक्यांत मात्र लावू नका. नखे सरळ कापा, कुरूप ब्लेडने खरवडू नका. वैशाखातला तो फोड पूर्ण भरून आला का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तिथे अजून कातडी काळपट किंवा ओलसर असेल तर तपासण्यांच्या तारखेची वाट न पाहता उद्याच दाखवा.

तुम्ही एआरटीच्या बाहेरच्या डॉक्टरांना आजार सांगत नसाल, असे पत्रावरून जाणवते. म्हणूनच बहुधा पायांचे दुखणे डॉक्टरांऐवजी मेडिकलच्या दुकानात नेले गेले. लोक काय म्हणतील ही भीती मी खोटी ठरवणार नाही. परंतु १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने या कारणावरून उपचार नाकारणे किंवा भेदभाव करणे बेकायदा ठरवले आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवणे रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. तुमच्यासाठी सोपा मार्ग असा, की पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाल तेव्हा खिडकीवरून परत फिरू नका. मेडिकल ऑफिसरांना भेटायचे आहे असे समुपदेशकांना सांगा, आणि डॉक्टरांसमोर 'अशक्तपणा' हा शब्द न वापरता 'बधिरपणा वर्षभरात घोट्याच्या वर चढला आहे, चटका बसलेला कळत नाही, आणि पूर्वी मी स्टाव्हुडीन घेत होते' असे सांगा. ग्रीन बुक, मेडिकलच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि शक्य असेल तर टीबीचे जुने कागद सोबत न्या. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागासाठी त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या; त्या चिठ्ठीमुळे तुमची हकिगत तुम्हाला दारोदार नव्याने सांगावी लागत नाही. मध्येच काही अडले तर १०९७ हा एचआयव्हीविषयक मोफत मदत क्रमांक आहे.

राहिला तिसरा प्रश्न. जुना बधिरपणा पूर्ण जाईल असे मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांनी तो बहुतांशी राहतो. आग आणि रात्रीची तडफड बरीच कमी करता येते. गेल्या वर्षभरातली वाढ साखरेमुळे असेल तर साखर आटोक्यात ठेवून ती थोपवता येते, बी-बारामुळे असेल तर काही महिन्यांत थोडी मागेही फिरू शकते. मात्र पाय काही दिवसांतच लुळे वाटू लागले, चालताना तोल जाऊ लागला, एकाच बाजूची ताकद कमी झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटू लागला, तर ते या दुखण्याचे लक्षण समजून घरी थांबू नका. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा, आणि दिरांना सोबत न्या.